उसना दिलेला भुऱ्या

मध्यंतर झालं, शेंगदाणेवाल्यांच्या हाका उठल्या आणि पडद्यावर भुऱ्या आला.

बालाघाटच्या त्या टॉकीजमध्ये सिनेमा कोणताही लागो, मध्यंतरात भुऱ्याला शिट्टी ठरलेली. काचेच्या स्लाइडवर रंगवलेला बैल तो. एक शिंग आभाळाकडे, दुसरं पार कानाशी वळलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. कधी तो 'कृपया शान्त रहें' म्हणत ओठांवर खूर ठेवायचा, कधी कापडवाल्याचं लुगडं शिंगावर घेऊन लाजायचा. त्या संध्याकाळी तो 'बीड़ी बाहर पिएँ' असं बजावायला आला होता आणि त्याच्याच नाकातून धूर निघत होता.

ललिता नेहमीप्रमाणे मशीनच्या खोलीच्या दारात उभी होती. स्लाइड तिचीच. सिनेमा तिला फुकट बघायला मिळायचा, पण तिचं खरं लक्ष असायचं ते या दोन मिनिटांकडे. लोक हसतात का? कुठे हसतात? आज धुरावर हसले की ओशाळलेल्या डोळ्यांवर?

एवढ्यात मधल्या रांगेतला एक उंच तरुण ताडकन उठला. उठला तो थेट बाकावरच चढला. त्याच्या डोक्याची सावली नेमकी भुऱ्याच्या दोन शिंगांच्या मधे पडली, आणि बैलाला कुरळ्या केसांचं माणसाचं डोकं फुटलं. टॉकीज हसून हसून लोळायला लागली.

"ए भाई, सिर नीचे!"

"बैल को मत छेड़ रे!"

त्याला ऐकूच येत नव्हतं. तोंड उघडं टाकून तो पडद्याकडे बघत राहिला होता. ललिताच्या मस्तकात तिडीक गेली.

"ओ दादा! बसा ना खाली! माह्या बैलावर सावली पडून राह्यली तुमची!"

माह्या बैलावर? तो गर्रकन वळला. मशीनचा झोत सरळ त्याच्या डोळ्यांत. त्याने हात आडवा धरला, डोळे बारीक केले… आणि ललिताला दिसलं, की चिडायला हवं त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू पसरतंय. असं मोकळं, की तिचीच नजर खाली गेली. मग तिला स्वतःचाच राग आला, आणि तिने वेणी झटक्यात मागे टाकली.

सिनेमा पुन्हा सुरू झाला, पण तो काही खाली बसला नाही. लाकडी जिना धडधडवत वर आला. मॅनेजर टिकारामजी तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन दारातच बसले होते. त्यांनी पाय आडवा घातला.

"कहाँ चले, हीरो?"

"तो बैल कोनं काढला?"

"क्यों? उधारी है क्या बैल पे?"

"मी काढला," ललिता आतून म्हणाली. "काहून? शिंग वाकडं आहे म्हनून सांगायले आले का? सगळेच सांगतात."

"शिंगासाठीच आलो," तो धापा टाकत म्हणाला. "सरळ असतं तर खालीच बसलो असतो ना."

ललिताने उगाचच रंगाच्या शिशीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

तो होता वसंता. मूळ जवळच्याच खैरलांजीचा, शेतकऱ्याचा मुलगा. चुलतभावाच्या लग्नासाठी रजा घेऊन मुंबईहून आला होता. मुंबईत एका स्टुडिओत कामाला होता तो, आणि तिथे काय करतोस असं कुणी विचारलं की सांगायचा…

"चित्रं चालवतो."

"चालवता? म्हनजे हाकता का?"

"तसंच काही." त्याने टिकारामजींच्या पेटीतून फाटक्या तिकिटांचा एक गठ्ठा उचलला, खिशातली पेन्सिल काढली आणि प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं. मग गठ्ठा अंगठ्याखालून फुर्रकन सोडला. कोपऱ्यातला काडीएवढा माणूस चालायला लागला! दोन पावलं चालला, ठेचकाळला, टोपी सावरून पुन्हा चालू लागला.

"वापस करो जी, पुन्हा करो!" म्हणत टिकारामजी लहान पोरासारखे वाकले.

ललिता मात्र हसली नाही. तिने गठ्ठा हातात घेतला आणि पुन्हा एकदा सोडून पाहिला.

"असा… बैल चालन का?" तिने हळूच विचारलं.

हे तिने का विचारलं, ते सांगायला हवं. भुऱ्या काही तिच्या मनातून उगवलेला नव्हता. तो डोमाजींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा बैल. ललिताची आई ती लहान असतानाच गेली. बाप शेतात, मुलगी बांधावर, आणि उन्हं चढली की भुऱ्याच्या पोटाच्या सावलीत तिची झोप. मागच्या एका पोळ्याच्या आधी तो म्हातारा होऊन गेला. डोमाजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पुढे नवी जोडी आणली, राबवली, पण पुन्हा कधी कुण्या बैलाशी ते बोलताना दिसले नाहीत. त्या पोळ्याला ललिताने दाराजवळच्या भिंतीवर गेरूने भुऱ्या काढला. सगळ्यांचे बैल दाराशी उभे होते, आपलं दार रिकामं का असावं? डोमाजींनी त्या चित्राला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडाशी टेकवला आणि आत जाऊन पाठ करून बसले. तिथून भुऱ्या स्लाइडवर गेला. हसला, लाजला, गावभर लाडका झाला. फक्त चालला नाही. स्लाइडवरचा बैल चालणार कसा?

"चालन," वसंता म्हणाला. त्याचं हसू आता गेलं होतं. "तुमचा बैल आहे ना… तो नक्की चालन."

दुसऱ्या दिवसापासून खैरलांजीचं लग्नघर आपला एक पाहुणा हरवून बसलं. पाहुणा सकाळच्या बसने बालाघाटला यायचा आणि डोमाजींच्या ओसरीवर कागद पसरून बसायचा. चैत्राचे दिवस. आवाराच्या टोकाला मोहाचं झाड होतं, त्याची फुलं टपटप गळायची आणि सगळ्या अंगणात त्यांचा गोड वास कोंदून राहायचा.

स्टुडिओकडे एका दंतमंजनाच्या जाहिरातीचं काम आलं होतं. टॉकीजमध्ये सिनेमाआधी दाखवायची, मिनिटभराची, हलत्या चित्रांची जाहिरात. त्यासाठी एक हसरा गडी हवा होता. साहेबांनी ससे, माकडं, हत्ती सगळं काढून बघितलं, पण दंतमंजनवाल्यांना काही पसंत पडेना.

"आन् मी इथी येऊन पाह्यतो तं काय, मधल्या सुट्टीत माह्यासमोर हसून राह्यला!" वसंता भुऱ्याचं डोकं समोरून, बाजूने, मागून काढत म्हणाला. वेगवेगळे कलाकार एकच बैल काढणार, तेव्हा सगळ्यांपुढे असा नमुना लागतो, हे त्याने तिला समजावलं. त्याचा हात झरझर चालायचा. ललिता रांगोळीची वाटी हातात घेऊन बघत राहायची, आणि रांगोळी तशीच राहायची.

तिसऱ्या कागदावर मात्र ती थबकली. मग तोंडाला पदर लावला. मग पदर पुरेना.

"काय झालं?"

"काही नाही…"

"सांगा ना!"

"खैरलांजीवाले," ती कशीबशी म्हणाली, "बैलाले वरचे दात कधीपासून आले हो?"

वसंताने कागदाकडे पाहिलं. भुऱ्याच्या तोंडात वर-खाली दातांच्या दोन शुभ्र ओळी चमकत होत्या. त्याचे कान लालबुंद झाले. बैल विकत घेताना बाप तोंड उघडून दात मोजायचा, तेव्हा कासरा धरून तोच तर उभा असायचा. बैलाच्या पुढच्या दातांची ओळ खालीच असते, वर नुसती हिरडी. बालाघाटच्या टॉकीजमध्ये हा दोन ओळींचा बैल आला असता तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या.

"मुंबईनं बिघडवलं मले," तो डोकं धरून म्हणाला. "पन करू काय? दंतमंजनाची जाहिरात, आन् गडी बिनदाताचा?"

"बिनदाताचा कसा? खालचे आहेत की." ललिताने त्याच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. बोटं बोटांना लागली… दोघांनीही लागली नाहीत असं दाखवलं. वरची ओळ पुसून तिने भुऱ्याचा ओठ जरासा खाली ओढला, खालचे टपोरे दात तेवढे दाखवले. "आन् त्याले म्हनू द्या… मले एकच ओळ आहे, तरी मी इतका जपतो. तुमाले तं दोन दिल्या देवानं!"

वसंताने कागद डोळ्यांसमोर धरला. मग उडी मारून उभा राहिला. चौकट डोक्याला लागली, तरी त्याला पत्ता नाही.

"ललिताबाई! अहो… हेच! हेच पाहिजे!"

"हळू, घर पाडान."

त्यानंतरचं काम होतं चालीचं. भुऱ्या चालायचा कसा, हे बालाघाटात दोनच माणसांना ठाऊक होतं. डोमाजी बोलायचे नाहीत. राहिली ललिता.

"सांगून नाही समजत," वसंता साळसूदपणे म्हणाला. "चालून दाखवा."

"मी?"

"मंग मी चालू का? मी तं पाह्यलाच नाही त्याले."

ललिताने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. तिने पदर खोचला. एक हात वर, शिंगासारखा, दुसरा वाकवून कानाशी. मान खाली घातली आणि चालू लागली. "पहिले हा कान झटकते… वाकड्या शिंगाचा. मंग मागचा पाय. पुढचा नाही हो, मागचा! आन् बाबांनी जिभेनं टक् टक् केलं का थांबते, वळून पाह्यते, आन् मंगच पुढं जाते. राजासारखा!"

मोहाच्या झाडापर्यंत गेली, वळली, परत आली. बघते तर पेन्सिल हवेतच थांबलेली.

"काहून थांबले?"

"बैलाकडं पाहून राह्यलो."

"बैल तिकडं आहे, कागदावर."

"हौ… तोही बरा आहे," वसंता म्हणाला, आणि कागदावर असा काही वाकला की नाक टेकलं.

ललिता वळून आत गेली. चुलीवर काहीच नव्हतं, तरी फुंकणी घेऊन फुंकत बसली. खरं सांगायचं तर ती आनंदाने नुसती फुलून आली होती. भुऱ्या चालणार! आणि भुऱ्याला चालवायला हा रोज येणार! कोणता आनंद मोठा, हे तिने स्वतःला विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

नमुन्याची चित्रं मुंबईला गेली. टिकारामजींच्या टेलिफोनवर साहेब खुश होऊन ओरडले, ते ओसरीपर्यंत ऐकू आलं असतं. आणि मग साहेबांचा कागद आला.

वसंता तो घेऊन उड्या मारतच आला. "सही करा! पैसे देऊन राह्यले, नाव होईन…"

ललिताने वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. चित्र, त्याचं नाव, चेहरा, चाल आणि हसणं हे सगळं कायमचं स्टुडिओच्या मालकीचं. चित्र काढणारीने यापुढे हा बैल कुठेही, कोणत्याही कारणासाठी काढू नये.

"कुठंही म्हनजे?" तिने विचारलं. "स्लाइडवर?"

"नाही…"

"आन् आमच्या भिंतीवर? पोळ्याले?"

वसंताने तो कागद वाचलाच नव्हता. स्टुडिओत असे कागद रोज सह्या होऊन जायचे. सशांना आणि माकडांना कुठे दार होतं?

"तुमी आनला हा कागद," ललिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही. "माह्याकडून त्याची चाल शिकून घेतली, आन् हा कागद आनला. माहा भुऱ्या मले परका करायले?"

"ललिताबाई, मले खरंच…"

"नाही विकायचा मले. नाही चालला तरी चालन. उभा राहू द्या माह्या दारात."

तो उठला, कागद गोळा केले. त्याचा चेहरा पार उतरला होता. ललिताला वाटलं थांबवावं. तो पायऱ्या उतरला तोच गोठ्याकडून खाकरल्याचा आवाज आला.

डोमाजी कधीचे गव्हाणीपाशी उभे होते.

"विकायचा नसन तं नको विकू," ते म्हणाले. "उसना दे."

दोघंही त्यांच्याकडे बघायला लागले.

"बैल काय, लोक विकतच नेतात का? अडल्या-नडल्याले उसना नेतात. काम झालं का आनून बांधतात. काय गा पोरा, तुमच्या खैरलांजीत नाही देत का?"

"देतात ना, काकाजी!" वसंता पायरीवरच बसला. "माहा बापही देते. पन नांगराले नेला तं नांगरालेच. गाडीले जुंपायचा नाही."

"हौ. म्हनजे दंतमंजनाले नेला तं दंतमंजनालेच," डोमाजी म्हणाले. "उद्या त्याच्याकडून विड्या नाही विकायच्या."

"परस्पर तिसऱ्याले द्यायचा नाही."

"शिंगं तासायची नाहीत. नाव बदलायचं नाही."

"खुराक नेनाऱ्याचा!" वसंता जवळजवळ ओरडला. त्याने साहेबांचा कागद उलटा केला होता आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तो भराभर लिहीत होता. "आन् पोळ्याच्या आधी…"

"पोळ्याच्या आधी दाराशी," डोमाजी म्हणाले, आणि त्यांची नजर भिंतीवरच्या गेरूकडे गेली. "कितीही काम अडो. पोळ्याले बैल ज्याचा त्याच्या दारात पाहिजे. पुढच्या सालाचं पुन्हा विचारायचं. आमी देऊ, नाही तं नाही देऊ."

ललिताचे गाल अजून ओले होते, पण ती हसत होती. एवढं साधं होतं तर! भुऱ्या चालेल आणि आपलाच राहील.

"अजून एक लिहा," ती म्हणाली.

"सांगा."

"ज्यानं नेला, त्यानंच आनून बांधायचा. दुसऱ्या कोनाच्या हाती पाठवायचा नाही."

वसंताची पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं. "ही… बैलाच्या भल्याची अट आहे का?"

"लिहा म्हटलं तं लिहा."

"म्हनजे मले दरसाल यावं लागन."

"कागदात आहे तं यावंच लागन."

डोमाजींना एकदम गव्हाणीत काहीतरी दिसलं आणि ते तिकडे वळले.

वसंता मुंबईला गेला. जाताना गोंदियाच्या गाडीच्या खिडकीतून त्याने एक हात वर आणि एक कानाशी धरला. फलाटावरच्या लोकांना वाटलं, पोराला ऊन लागलं. ललिता मात्र हसत हसतच घरी आली.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. वैशाखात टॉकीजवर टेलिफोन आला. टिकारामजींनी तिला बोलावून घेतलं. तारेतून वसंताचा आवाज लांबून, खरखरत आला.

"साहेब म्हनतात, असा उसना-पासना कागद जन्मात नाही पाह्यला… म्हनतात, बैलाले काय तोटा? आपन दुसरा काढू."

"मंग?"

"मंग मी म्हटलं…" आणि तार तुटली.

मग तो काय म्हणाला? ललिताने उन्हाळाभर त्या वाक्याचे हजार शेवट करून पाहिले. भाताची रोवणी सुरू झाली, संपत आली. मुंबईहून काही कळलं नाही. स्लाइडवर ती आता नुसती अक्षरं काढू लागली. लोक ओरडायचे, "बैल कहाँ गया?" तिला उत्तर देता यायचं नाही. भुऱ्या काढायला ब्रश उचलला, की कुरळ्या केसांची सावली त्याच्या शिंगांमध्ये येऊन उभी राहायची. ती रागावली होती, आणि वाट बघत होती. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही मनापासून.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. वैनगंगेवरून गार वारा येत होता, पावसाची बारीक भुरभुर होती. दुपारनंतर डोमाजींनी जोडीचे खांदे शेकायला घेतले. वर्षभर जू वाहून राठ झालेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळायची, गरम पाण्याने शेक द्यायचा, आणि मग बैलांना मानाने सांगायचं : आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. ललिता हळद कालवत होती. भिंतीवरचा गेरू मागच्या पावसात फिकट झाला होता. उद्या पुन्हा काढायला हवा, तिच्या मनात आलं. हात मात्र जड झाला होता.

तोच टिकारामजी सायकलवरून आले. उतरायच्या आधीच बोलायला लागले.

"चलो, चलो! सहा का शो! डोमाजी, तुम भी!"

"मी? सिनेमाले?" डोमाजी तोंड फिरवत म्हणाले. "आज खांदशेकनी आहे."

"शेकून झाले ना खांदे? फिर चलो! एक बार मेरी बात मानो."

हळदीच्या हातांनीच बापलेक निघाले. टिकारामजींनी डोमाजींना पहिल्या वर्गाच्या खुर्चीवर बसवलं. डोमाजी खुर्चीच्या काठावर टेकले, जणू बैलगाडीच्या धुरेवर बसलेत. ललिता आपल्या नेहमीच्या दारात जाऊन उभी राहिली. मशीनच्या खोलीत अंधार होता. आत कुणीतरी आहे असं तिला वाटलं, पण दिवे गेले आणि पडदा उजळला.

रिकामी पायवाट. मोहाचं एक झाड. टप्… टप्… फुलं गळतायत.

आणि डावीकडून एक वाकडं शिंग आत आलं.

कान झटकला. मग मागचा पाय उचलला. मग पुढचा.

भुऱ्या चालत होता.

आणि टॉकीजमध्ये जो गलका उठला! शिट्ट्या, टाळ्या, "आ गया रे, आ गया!" भुऱ्या मान डोलवत, राजासारखा, पडद्याच्या मधोमध आला. आणि त्या सगळ्या गोंगाटात ललिताला एक आवाज स्पष्ट ऐकू आला. डोमाजी उभे राहिले होते. हात पुढे करून, जिभेने, टक् टक्…

पडद्यावर भुऱ्या थांबला. वळला. सरळ त्यांच्याकडे बघितलं. आणि एकाच ओळीच्या टपोऱ्या दातांनी हसला. चित्र ज्याने चालवलं, त्याने तो वळण्याचा क्षण बरोब्बर टिपला होता. पुढे भुऱ्या दंतमंजनाबद्दल काय बोलला ते बालाघाटात कुणालाही ऐकू आलं नाही. डोमाजी तोंडावर पंचा धरून रडत होते. आणि हसतही होते.

"बरोबर चालला ना?" तिच्या मागून, अंधारातून कुणीतरी विचारलं. "मागचाच पाय पहिले घेतला."

ललिता वळली. मशीनच्या झोताच्या कडेला ते कुरळे केस. हातात फिल्मचा पत्र्याचा डबा. प्रवासाने चुरगळलेला सदरा.

तिने काय करावं? दोन्ही हळदीच्या हातांनी त्याच्या छातीवर गुद्दे मारले. सदऱ्यावर पिवळे ठसे उठले.

"एक निरोप नाही! तार तुटली तेव्हा काय म्हनत होते तुमी? उन्हाळा गेला, अर्धा पावसाळा गेला…"

"मी म्हटलं, दुसरा बैल काढा, पन मी नाही काढनार. मले एकच चाल येते!" तो गुद्दे चुकवत म्हणाला. "त्यायनं काढला दुसरा, सरळ शिंगांचा. दंतमंजनवाले म्हने, आमाले तो एका ओळीचाच पाहिजे. मंग साहेबानं केली सही, सगळ्या अटींवर. आन् निरोप नाही कसा? मी टिकारामजीले टेलिफोन केलता!"

दोघांनी टिकारामजींकडे पाहिलं. ते तिकिटांची पेटी छातीशी धरून भिंतीला चिकटले होते.

"अरे बेटी… सिनेमा का आदमी हूँ! सब पहिले ही बता देता, तो आज मजा आता?"

ललिता त्यांना काही बोलणार होती, पण हसूच फुटलं. इतकं, की डोळे पुसावे लागले. हळद गालांना लागली. वसंता तिच्याकडे बघत राहिला, आणि या वेळी कागदावर वाकायची त्याला काही सोयच नव्हती.

"त्या दिवशी," तो हळूच म्हणाला, "अंगनात मी बैलाकडं नव्हतो पाह्यत."

"मालूम आहे मले."

"मालूम होतं?"

"बैलाचंही लक्ष असते, कोन पाहून राह्यलं त्याच्याकडं," ललिता म्हणाली. मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने ओठ दाताखाली धरला. पण आता मागे घ्यायचं नव्हतं. तिने हळदीचं बोट पुढे केलं, त्याच्या खांद्याला लावलं, आणि डोमाजी जोडीला सांगत तसं, अगदी मानाने, म्हणाली, "आज आवतन घ्या… उद्या जेवायले या."

वसंता नुसती मान हलवत राहिला. शेवटी कसंबसं म्हणाला, "हौ."

दुसऱ्या दिवशी पोळा होता. घरोघर बैल रंगले होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. डोमाजींच्या दाराशी जोडी उभी होती, आणि भिंतीवर ताज्या गेरूचा भुऱ्या, एक पाय उचललेला. या खेपेस ललिताने त्याला चालताना काढला होता. वसंता आला तो फिल्मचा डबा दोन्ही हातांवर घेऊन. त्याने तो भिंतीखाली ठेवला, दोन पावलं मागे सरला.

"आनून बांधला, काकाजी. शिंग धड आहे. नाव तेच आहे. पोळा फुटायच्या आत." त्याने घसा साफ केला. "आता पुढच्या सालाचं… कागदाप्रमानं… विचारायले आलो."

डोमाजींनी भिंतीवरच्या बैलाला कुंकू लावलं. डब्यालाही लावलं. मग बोटाला उरलेलं वसंताच्या कपाळाला टेकवलं आणि हाक मारली, "ललिते, पान वाढ."

"पन काकाजी, पुढच्या सालाचं?"

ललिता पुरणपोळीचं ताट घेऊन चौकटीत उभी राहिली. तिने एकदा बापाकडे पाहिलं. डोमाजी जोडीच्या मानेखाली खाजवत होते आणि कितीतरी दिवसांनी बैलांशी काहीतरी बोलत होते.

"ते कलम खोडून टाका," ती म्हणाली. "विचारून नेते तो शेजारचा. घरच्या मानसाले घरचा बैल विचारून नाही न्यावा लागत."

आणि ताट त्याच्या हातात देऊन ती तूप आणायला आत गेली.